कुशीबाबांचा सहावा प्रश्न

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी नऊ वाजता मुंगीला शिरायला जागा नव्हती. दोनशे खुर्च्या, त्यांच्यावर तीनशे माणसं, आणि जिन्यावरून खाली पार रस्त्याच्या कडेपर्यंत लागलेली रांग. रांगेत बहुतेक सगळ्या आया. प्रत्येकीच्या हाताला एक पोर आणि काखेत दवाखान्याची फुगलेली फाइल.

व्यासपीठावर सोळा-सतरा वर्षांचा एक उंच मुलगा माइक धरून उभा होता. नुकतंच मिसरूड फुटलेलं, आवाज फाटलेला.

"मला सहाव्या वर्षापासून फिट यायच्या," तो म्हणाला. "बाबांनी दोन वर्षांपूर्वी माझी कूस बदलून दिली. त्यानंतर एकही आली नाही."

टाळ्यांनी छत हादरलं. पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या आईने रुमालाने डोळे टिपले. व्यासपीठाच्या मधोमध पांढरी चादर घातलेली एक खाट होती आणि खाटेशेजारी कुशीबाबा उभे होते. पांढरे कपडे, नीट कातरलेली दाढी, नाकावर चष्मा. टाळ्या थांबेपर्यंत ते हसत राहिले.

"मेंदू म्हणजे काय?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "मेंदू म्हणजे पाणी. भरलेलं ताट घेऊन चाललात आणि ताट एका बाजूला कललं, तर काय होईल? सांडेल. तुमचं लेकरू रात्रभर एकाच कुशीवर झोपतं. मेंदू कलतो आणि सांडतो. हे सांडणं म्हणजे आकडी. आम्ही काय करतो? ताट सरळ करतो. शास्त्राला हे कळायला अजून दोनशे वर्षं लागतील. लागू देत. आम्ही शास्त्राला घाई करत नाही."

लोक हसले. बाबांनी हात वर केला.

"पण सगळ्यांना घेत नाही. तळहातात उजेडाची रेघ दिसली तरच घेतो. नाही दिसली तर परत पाठवतो. खोटी आशा लावायचं पाप आम्ही करत नाही."

सगळी मेख इथेच होती. जो माणूस तोंडावर 'नाही' म्हणतो तो लबाड कसा असेल, असं लोक एकमेकांना सांगत. आणि ज्यांना तो 'हो' म्हणे ते सगळेच्या सगळे बरे होत. अगदी शंभरपैकी शंभर.

डॉक्टर शेवटच्या रांगेत खांबाला पाठ लावून बसले होते. ते आपण होऊन आले नव्हते. "मामा, एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग काय ते बोला," असं म्हणून भाचीने त्यांना आणलं होतं. भाचीचं कपडे शिवायचं दुकान होतं. नवरा वर्षातले दहा महिने बोटीवर, आणि एकच मुलगी, चौदा वर्षांची. तिला सगळे बिट्टी म्हणत. गेल्या दीड वर्षापासून सकाळी उठल्याउठल्या बिट्टीच्या हातांना झटके येत. कप उडून पडे, दात घासायचा ब्रश भिंतीवर जाऊन आदळे. दोनदा सगळं अंग ताठ होऊन मोठी फिट आली होती. गोळी सुरू झाली आणि सगळं थांबलं. पण गोळी रोज घ्यायची, आणि ती किती वर्षं, हे कुणी सांगत नव्हतं. कुणी म्हणजे डॉक्टरच.

तसं पाहिलं तर या विषयात त्यांच्याइतका मुरलेला माणूस आसपास नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी यातच घालवली होती. उंदरांच्या पिलांच्या मेंदूपासून सुरुवात केली आणि शेवटी मुलांपर्यंत आले. वाढता मेंदू आकडी का देतो, आणि काही मुलांची आकडी वयात येताना आपोआप का निघून जाते, हा त्यांचा ध्यास होता. एकशे चौऱ्याऐंशी मुलं त्यांनी बारा वर्षं सतत तपासली होती. जाडजूड मासिकांत लेख छापून आले होते. पण चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे, आणि घरच्यांनी काही विचारलं तर उत्तर ठरलेलं असे: "बघू."

व्यासपीठावर आता मुलं एकेक करून येऊ लागली. बाबा मुलाचा तळहात हातात घेत, डोळे मिटत, आणि मिटल्या डोळ्यांनीच आईला विचारत. "नुसतं नोंदीसाठी हं," असं आधी सांगून.

"आकडी जागेपणी येते की झोपेत? सगळं अंग उडतं की चेहऱ्याची एकच बाजू? लाळ गळते? बोलता येत नाही, पण कळत असतं, असं लेकरू सांगतं का? पहिली आकडी कितव्या वर्षी?"

डॉक्टर खुर्चीत जरा पुढे सरकले. प्रश्न शहाणपणाचे होते. इतके शहाणपणाचे प्रश्न या माणसाला सुचले कसे, असं त्यांच्या मनात आलं.

"आणि कोणत्या कुशीवर झोपतं?"

डॉक्टरांनी तो लगेच ओळखला.

हा प्रश्न जगात दुसऱ्या कुणाला सुचला नसता, कारण तो चुकीचा होता. मूल ज्या कुशीवर झोपतं त्याचा आकडीच्या बाजूशी संबंध असावा, अशी तरुणपणी डॉक्टरांची एक लाडकी कल्पना होती. संशोधनाच्या छापील फॉर्मवर त्यांनी तो प्रश्न घातला, आणि खाली ठळक रेघही ओढली. चौथ्या वर्षी आकडे मांडले तेव्हा त्यात काहीच निघालं नाही. लेखात त्यांनी तो गाळला. फॉर्मवरून मात्र काढला नाही. काढला असता तर हाताखालच्या माणसांना कळलं असतं की साहेब चुकले.

त्यांनी चष्मा पुसून व्यासपीठावर पुन्हा पाहिलं. दाढी वगळली, तीन वर्षं वजा केली, आणि समोर फॉर्मवाला उभा राहिला. बाहेरच्या टेबलाशी बसून नऊ वर्षं आयांचे फॉर्म भरणारा, संशोधन संपल्यावर ज्याची नोकरी संपली तो.

तेवढ्यात भाची बिट्टीला घेऊन खाटेपाशी पोचली होती.

"झोपेतच येते," भाची म्हणाली. "चेहऱ्याची उजवी बाजू ओढली जाते. लाळ गळते. हो, कळत असतं तिला. पहिली आठव्या वर्षी. डाव्या कुशीवर झोपते."

यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. बिट्टी जमिनीकडे पाहत होती.

"उजेड," बाबा म्हणाले. "स्वच्छ उजेड. सोळावं लागायच्या आत आजार जाईल. आजपासून गोळ्या बंद. गोळीने पाणी गढूळ होतं."

त्यांनी बिट्टीला खाटेवर डाव्या कुशीवर निजवलं, मंत्र पुटपुटत उजवीकडे वळवलं, आणि टाळ्या वाजल्या. उठून उभं राहायचं, ओरडायचं, असं डॉक्टरांच्या मनात आलं. पण उभं राहून काय सांगणार? प्रश्न कुणाचे, हेही सांगावं लागलं असतं. ते खांबाला टेकून बसून राहिले.

बसमध्ये त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "खोटं का बोललीस?"

"हल्ली बऱ्याच जणी बोलतात," भाची म्हणाली. "रांगेत बायका एकमेकींना उत्तरं शिकवतात. झोपेत म्हणायचं, एक बाजू म्हणायचं. माझ्या पुढचीने मला शिकवलं, मी मागचीला. लेकराला परत पाठवलं तर आईला काय वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं, मामा."

"पण तिचा आजार वेगळा आहे गं. ही गोळी एकदम बंद केली तर..."

"तर काय? नीट सांगा ना. कधी जाईल तिचं? दीड वर्ष विचारतेय."

"बघू."

"बघा तुम्ही. त्याने तारीख दिली मला."

बिट्टी खिडकीतून बाहेर पाहत होती. तिच्या समोर बोलणं डॉक्टरांना जमलं नाही, आणि उतरल्यावर भाचीने विषय वाढू दिला नाही.

मंगळवारी दुपारी डॉक्टर एकटेच हॉलवर गेले. बाबा खाटेवरची चादर घडी करत होते. डॉक्टरांना दारात पाहताच ते सवयीने ताठ उभे राहिले.

"सर. बसा ना, सर."

"हे काय चालवलंयस तू?"

"तेच, जे तुम्ही करत होता." बाबांनी चादर खाली ठेवली. "फक्त मी आयांना सांगतो. झोपेत येणारी, एका बाजूची, लहानपणी सुरू झालेली आकडी सोळाव्यापर्यंत जाते. तुम्हीच लिहिलंय. टाइप मी केलंय. मी तेवढीच पोरं घेतो, सर. बाकीची परत पाठवतो. कुणाचं वाईट केलं सांगा."

"मग हे उजेड, ताट, पाणी कशाला? सरळ सांगायचं."

"सरळ सांगितलं तर कोण ऐकणार? मी कोण, फॉर्म भरणारा." ते जरा थांबले. "सरळ सांगायचं काम तुमचं होतं. खात्री कधी झाली होती तुम्हाला? संशोधनाच्या पाचव्या वर्षी? सहाव्या?"

डॉक्टरांना वर्ष नेमकं आठवत होतं. सातव्या वर्षी पूर्ण खात्री झाली होती. त्यानंतरही पाच वर्षं त्यांनी आयांना सांगितलं नव्हतं. हे जाणारच आहे असं कळलं असतं, तर त्यांनी मुलांना दर सहा महिन्यांनी तपासणीला आणलं नसतं. मुलं गळाली असती आणि आकडे अर्धवट राहिले असते.

"तुम्ही आत आलेखांपाशी असायचा," बाबा म्हणाले. "मी बाहेर. त्या माझ्यासमोर रडायच्या. सर काय म्हणाले, म्हणून मला विचारायच्या."

"त्या खोटं बोलतात," डॉक्टर कसेबसे म्हणाले. "रांगेत उत्तरं शिकून येतात. वेगळ्या आजाराची मुलं तू घेतोयस. गोळ्या बंद करतोयस. एखादं मूल मरेल."

"माझ्यापुढे कुणी खोटं बोलत नाही. तळहात हातात घेतला की मला कळतं, सर. उगीच नाही म्हणत, आता खरंच कळतं. आणि तो कुशीचा प्रश्न. सगळ्यात खोल तोच. म्हणून तर तुम्ही खाली रेघ मारली होती."

तीन वर्षं लोकांना गंडवता गंडवता हा स्वतःच गंडला आहे, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. ते जायला वळले, तेव्हा मागून शांत आवाजात शब्द आले, "लोकांना सांगायचं तर सांगा. मग प्रश्न कुणाचे, ते मीही सांगेन."

डॉक्टर जिना उतरले. त्या दिवशी ते भाचीकडे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. उद्या नक्की, असं म्हणत त्यांनी नऊ दिवस काढले.

नवव्या दिवशी सकाळी दुकानात कापडाचा तागा उचलताना बिट्टीच्या हातांना झटके आले आणि ती शिलाई मशिनच्या लोखंडी कडेवर कोसळली. फिट थांबेना. एक ओसरते न ओसरते तोच दुसरी. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. कपाळावर सात टाके पडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर, डॉक्टरांनी भाचीला सगळं सांगितलं. फॉर्म, प्रश्न, मंगळवारची भेट. काही वगळलं नाही.

भाची बाकावरून उठली.

"म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

"हो."

"मी खोटं बोलले आणि तुम्ही गप्प बसलात. बरी जोडी जमली आपली." मग ती म्हणाली, "ती उठू दे. ती तयार असेल तर मी तिला घेऊन तिथे परत जाणार. तुम्ही बोलणार असाल तर या. खांबाला टेकून बसायचं असेल तर घरीच बसा."

दोन रविवार गेल्यावर तिघंही हॉलमध्ये होती. बिट्टीने कपाळावरून रुमाल बांधला होता. यायचं का, असं आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "मीच तर पुरावा आहे." गोळी अर्थातच पुन्हा सुरू झाली होती.

दर रविवारी चाळीस चेहरे पाहणाऱ्या बाबांनी तिला ओळखलं नाही. तळहात घेतला, डोळे मिटले.

"जागेपणी येते," भाची म्हणाली. "सकाळी उठल्यावर. सगळं अंग उडतं. पहिली साडेबाराव्या वर्षी."

बाबांनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. त्यांनी हळूच बिट्टीची मूठ मिटवली.

"उजेड नाही, ताई. हे लेकरू आमच्या हातचं नाही."

भाचीने बिट्टीचा रुमाल सोडला. टाक्यांच्या खुणा माइकशेजारच्या दिव्यात काळ्या दिसल्या.

"चार रविवारांपूर्वी याच हातात तुम्हाला स्वच्छ उजेड दिसला होता. तेव्हा मी खोटं बोलले होते, आज खरं बोलले. मुलगी तीच, हात तोच. मग उजेड हिच्या हातात आहे की माझ्या तोंडात?"

हॉलमध्ये कुजबुज उठली. "कूस नीट बदलली नसेल," कुणीतरी म्हणालं. "प्रश्न नुसते नोंदीसाठी असतात ना?" दुसऱ्याने विचारलं. रांगेतल्या काही बायका एकमेकींकडे पाहून माना खाली घालू लागल्या. आणि पहिल्या रांगेतून त्या उंच मुलाची आई उठली.

"तुमच्या मुलीचं वाईट झालं, पण माझा मुलगा बरा झाला. तो काय खोटा आहे?"

डॉक्टर उभे राहिले. खांब सोडून ते मधल्या वाटेने पुढे आले.

"तो खरा आहे," ते म्हणाले. "त्याला बरं मात्र कुणी केलेलं नाही. तो मोठा झाला."

"काहीतरीच काय," मागून आवाज आला.

"मेंदू जन्मतः तयार नसतो. वर्षानुवर्षं घडत असतो. पेटवणारी यंत्रणा आधी तयार होते, आवर घालणारी मागून. काही मुलांत हा आवर पक्का व्हायला वेळ लागतो. तोवर झोपेत चेहऱ्याची एक बाजू उडते. सोळाव्या वर्षाच्या आसपास मेंदू सावरतो आणि आकडी जाते. कूस बदला, बदलू नका, खाट उलटी घाला, ती जाणारच. बाबा तेवढीच मुलं निवडतात. तुम्ही दिलेल्या उत्तरांवरून. ज्यांची जाणार नाही त्यांना परत पाठवतात, म्हणून शंभरपैकी शंभर. आणि तुम्ही खोटी उत्तरं दिली की त्यांना काही कळत नाही. मग असे टाके पडतात."

बाबांनी माइक उचलला. "विचारा यांना. विचारा, हे प्रश्न कुणाचे."

"माझे," डॉक्टर म्हणाले. "सगळे माझे. कुशीचा प्रश्न तर माझी चूक आहे. त्यात काही तथ्य नाही, हे मला खूप आधी कळलं होतं. मी तो फॉर्मवरून काढला नाही, कारण मला लाज वाटली. त्या एका लाजेवर ही खाट उभी आहे."

बाबा खाटेच्या कडेवर मटकन बसले. त्यांना हा धक्का बाकी सगळ्यांपेक्षा मोठा असावा.

उंच मुलाची आई डॉक्टरांकडे निरखून पाहत होती. "तुम्ही ते डॉक्टर. आम्ही तुमच्याकडेच यायचो. दर सहा महिन्यांनी."

"हो."

"याचं जाणार आहे, हे तुम्हाला कधी कळलं?"

"तो आठ वर्षांचा असताना."

"त्यानंतर सहा वर्षं मी त्याच्या उशाशी जागले. एका सहलीला पाठवलं नाही. पोहायला शिकू दिलं नाही. दर वेळी तुमच्याकडून निघताना विचारायचे. एक वाक्य होतं हो, डॉक्टर."

"सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही यायच्या थांबाल आणि माझे आकडे तुटतील, म्हणून नाही सांगितलं. दुसरं कारण नाही."

तिने मान फिरवली. तिने क्षमा केली नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही. ते लोकांकडे वळले.

"तुम्ही वेडे म्हणून इथे आला नाहीत. जे कळायचा तुमचा हक्क होता ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून आलात. आता एक करा. कुणी शंभरपैकी शंभर बरे केले म्हणाला, की विचारा, परत किती पाठवलेत? त्यांचं काय झालं? तळहात कुणीही बघो, आधी खोटं उत्तर देऊन त्याची परीक्षा घ्या. गोळी कुणाच्याही सांगण्यावरून एकदम थांबवू नका. आणि माझ्यासारख्यालाही सोडू नका. विचारा, तुम्हाला काय माहीत आहे जे तुम्ही मला सांगत नाही? उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका."

"मग मी आत्ताच विचारते," व्यासपीठावरून भाची म्हणाली. "सगळ्यांसमोर. हिची कधी जाणार?"

डॉक्टरांनी भाचीकडे न पाहता बिट्टीकडे पाहिलं, कारण उत्तर तिचं होतं.

"बहुधा जाणार नाही," ते म्हणाले. "तुझा आजार वेगळा आहे. गोळी बरीच वर्षं लागेल, कदाचित कायमची. पण गोळी आणि पुरती झोप सांभाळलीस तर बहुतेकांना फिट येत नाही. शिकशील, नोकरी करशील, हवं ते करशील."

भाचीने खाटेची कड घट्ट धरली. बिट्टी मात्र रडली नाही. रुमालाची घडी करत तिने थोडा विचार केला.

"हे आधी सांगायचं ना, आजोबा," ती म्हणाली. "मी आईला खोटं बोलूच दिलं नसतं."

डॉक्टरांनी मान हलवली. रांगेतली सर्वात पुढची बाई तिची फाइल पुढे करून उभी होती. तिच्या मुलाने तिचा हात धरला होता. डॉक्टर व्यासपीठाच्या पायरीवर बसले आणि त्यांनी फाइल उघडली.

"खरं खरं सांगा," ते म्हणाले. "मीही खरं तेच सांगेन."